घराजवळचा परदेश

दिवाळी अंक उघडला की लंडन, पॅरिस, रोम यांपैकी एखादे शहर तरी हमखास भेटते. लेखक विमानातून उतरतो, थंडीने कुडकुडतो, एखाद्या राजवाड्यापुढे उभा राहतो, आणि आपण इकडे सुरगाण्यात चहाचा कप हातात धरून त्याचा हेवा करीत बसतो. मराठीच्या प्राध्यापकाच्या पगारात बायकोमुलांसह रोम बसत नाही. म्हणून आम्ही मित्रमंडळींनी एक असा परदेश शोधून काढला की, जिथे पासपोर्ट लागत नाही आणि सकाळी निघाले तर दुपारच्या जेवणाला पोहोचता येते. त्या परदेशाचे नाव दमण.

परदेश हा शब्द मी थट्टेने वापरीत नाही. १५५९ पासून १९ डिसेंबर १९६१ पर्यंत, म्हणजे तब्बल ४०२ वर्षे, दमण पोर्तुगालच्या राज्यात होते. आमच्या आजोबांच्या पिढीला दमणला जाणे म्हणजे खरोखरच दुसऱ्या देशात जाणे होते.

आमचा काफिला बेताचाच होता. आमचे इतिहासाचे सर, वनस्पतिशास्त्राच्या बाई, आम्ही उभयता, आणि मागे चिवड्याच्या डब्यांसह पाच मुले. डोंगर उतरून धरमपूर, तिथून वापी आणि पुढे जेमतेम बारा-तेरा किलोमीटरवर दमण.

गावाचे दोन भाग, मध्ये दमणगंगा. दक्षिणेला मोटी दमण, उत्तरेला नानी दमण. बाजार, वर्दळ, दुकाने सारे नानीकडे. मोटी मात्र तटाच्या आत शांत बसलेली. "मग मोठी ती नानी कशी आणि लहान ती मोटी कशी?" हा आमच्या धाकटीचा प्रश्न. इतिहासाचे सर म्हणाले, "बेटा, सत्ता जिकडे राहते तिकडची बाजू मोठी." मोटी दमणच्या किल्ल्यात पोर्तुगीज अधिकारी राहत असत. आजही तटाच्या आत सरकारी कचेऱ्या आहेत.

किल्ल्याला दहा बुरूज आणि दोन दरवाजे. आत बॉम जेझूचे मोठे चर्च. तिथले लाकडी कोरीवकाम पाहताना मुलांचा गोंगाट आपोआप थांबला. नदीकडच्या दरवाजाजवळ एक घर दाखवतात. बोकाज नावाचा पोर्तुगीज कवी तिथे राहिला होता. १७८९ साली त्याची सैन्यात इथे नेमणूक झाली आणि थोड्याच दिवसांत हा गृहस्थ नोकरी सोडून पळाला! सुरगाण्याला बदली झाली की तोंड वाकडे करणारे पुष्कळ साहेब आम्ही पाहिले आहेत. त्यांचा हा पूर्वज पाहून आम्हांला फार आनंद झाला.

तटावर बसून डबे उघडले तेव्हा खरा विषय निघाला. थोरल्याने विचारले, "मराठ्यांनी हे का नाही घेतले?" सरांनी सांगितले, १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीजांचा उत्तरेकडचा बहुतेक मुलूख गेला, दमण मात्र राहिले. एवढेच नव्हे, तर एका जहाजाच्या नुकसानीची भरपाई म्हणून १७७९ च्या तहाने पेशव्यांनी नगरहवेलीतल्या गावांचा वर्षाला १२,००० रुपयांचा वसूल पोर्तुगीजांना दिला. मुले हिरमुसली. "म्हणजे आपणच दिले?"

इथे मराठीच्या मास्तराला तोंड उघडणे भाग होते. ऑगस्ट १९५४ मध्ये स्वयंसेवकांनी सिल्वासा मुक्त केले. त्यांत संगीतकार सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे होते. नगरहवेलीकडे जाण्याची वाट भारताने अडवली म्हणून पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात फिर्याद केली. तिथे पेशव्यांचा तह निघाला, सनदा निघाल्या आणि आपला 'सरंजाम' हा शब्द जगातल्या न्यायाधीशांनी तागडीत घातला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, मराठ्यांनी दिला तो वसुलाचा हक्क. भूमीचे स्वामित्व नव्हे. पुढे इंग्रजी अमदानीत पोर्तुगीजांचे स्वामित्व मान्य झाले, हेही न्यायालयाने नोंदले; पण फौज नेण्याचा हक्क पोर्तुगालला नाही, असे ठरवले. आणि १९६१ च्या डिसेंबरात दमणवर चालून गेली ती मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण. आता कुठे मुलांच्या चेहऱ्यावर तेज आले.

सर मात्र गप्प होते. ते कोकणा समाजाचे. त्यांच्या आजीची बहीण नगरहवेलीत खानवेलकडे दिलेली. "म्हणजे १९५४ पर्यंत मावशीआजीचे सासर परदेशात होते," ते म्हणाले, "पण तिला ते कुणी सांगितलेच नव्हते. बोली तीच, देव तेच, नाचणीची भाकर तीच."

परतताना गल्लीत दोन बायका कुंपणावरून बोलत होत्या. मोटी दमणमध्ये काही घरांत अजून पोर्तुगीजमिश्रित बोली नांदते, ती ही. मुलांना एक अक्षर कळेना. मी त्यांना पगार, चावी, बटाटा, पाव, घमेले, बालदी हे शब्द मोजून दाखवले. हे सगळे पोर्तुगीजांकडूनच आपल्या घरात आले. परदेश स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला होता तर!

आणि समोरची दमणगंगा? ती उगम पावते आपल्याच नाशिक जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यातल्या डोंगरात. चारशे वर्षे ती रोज परदेशी जात होती.

"मग परदेश ठरवतो कोण?" धाकटीने जीपमध्ये विचारले. तिला उत्तर द्यायला मला दमणच्या तटापेक्षा आमचाच तालुका जवळचा वाटला. २०२२ च्या डिसेंबरात सुरगाण्यातल्या सीमेवरच्या काही गावांनी 'आम्हांला गुजरातेत घाला' अशी मागणी केली. रस्ता, पाणी, दवाखाना यांच्या अभावाला ती माणसे विटली होती. पुष्कळांना तेव्हा राग आला. मला मात्र १७७९ ची ती गावे आठवतात. त्यांचा वसूल कुणी घ्यावा हे पुण्यात ठरले. गावकऱ्यांना कुणी विचारल्याचे त्या कागदांत काही दिसत नाही. सरंजामात घेण्याचा हक्क लिहिलेला असतो, देण्याचे कर्तव्य नसते. आमच्या सीमेवरच्या माणसांनी त्या कर्तव्याची आठवण करून दिली, एवढाच त्या मागणीचा अर्थ मी मुलीला सांगितला.

वाचकहो, दमणला जरूर जा, मुलांना घेऊन जा. आणि जमल्यास वाट सुरगाण्यावरून धरा. आमच्याकडचे रस्ते कसे आहेत तेही त्या निमित्ताने पाहून होईल.