हिवाळ्यातील धावण्याचा सराव : ट्रेडमिल आणि बर्फाळ वाटा

प्रस्तावना

लेह, मनाली, गुलमर्ग किंवा तवांग येथे राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या धावण्यात दरवर्षी एक अडचण येते. ऑक्टोबरपर्यंत सराव चांगला चाललेला असतो. मग बर्फ पडते, रस्ते गोठतात, दिवस लहान होतो आणि सराव बंद पडतो. मार्चमध्ये पुन्हा सुरुवात करताना लक्षात येते की उन्हाळ्यात कमावलेले बरेच काही हातातून गेले आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धा असोत किंवा १.६ किलोमीटर धावण्याची सैन्यभरतीची चाचणी असो, तिची तारीख हिवाळ्याकडे पाहून ठरत नाही. उष्ण प्रदेशातून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी डोंगराळ भागात अथवा परदेशातील थंड शहरांत जाणाऱ्यांनाही हीच अडचण येते.

या पाठात आपण दोन साधनांचा विचार करणार आहोत : ट्रेडमिल आणि बर्फाळ वाट. ही दोन्ही एकमेकांची जागा घेत नाहीत. दोघांची कामे वेगळी आहेत आणि ती नीट वाटून दिली, तर हिवाळा वाया जात नाही.

या पाठातून तुम्ही काय शिकाल

- सराव थांबल्यावर शरीरात काय बदलते आणि कमीत कमी किती सरावाने क्षमता टिकते
- ट्रेडमिलवरील वेग, चढ आणि उष्णता यांचा अर्थ कसा लावावा
- बर्फावर कसे धावावे आणि कधी धावू नये
- हिमदंश व हायपोथर्मिया यांची लक्षणे आणि प्रथमोपचार

१. सराव थांबला तर काय होते?

धावताना शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, या मापाला ‘व्हीओटू मॅक्स’ म्हणतात. एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चांगल्या तयारीच्या खेळाडूंनी सराव पूर्ण थांबवला. पहिल्या २१ दिवसांत त्यांची ही क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी घटली. ५६ दिवसांनंतर ती मूळ पातळीपेक्षा सुमारे १६ टक्के खाली येऊन स्थिरावली.

सुरुवातीची घट मुख्यतः रक्ताशी संबंधित असते. शरीरातील रक्ताचे एकूण प्रमाण कमी होते, त्यामुळे हृदय एका ठोक्यात कमी रक्त पुढे ढकलते. नंतरची घट स्नायूंमध्ये होते. प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करण्याची त्यांची ताकद ओसरते. म्हणजे तीन आठवड्यांची सुट्टी भरून काढता येते, पण तीन महिन्यांची सुट्टी महाग पडते.

२. काय टिकवायचे आणि काय कमी करायचे?

सरावाचे तीन घटक असतात : आठवड्यातील दिवस, प्रत्येक दिवसाचा वेळ आणि तीव्रता. हिवाळ्यात तिन्ही पूर्ण टिकवणे शक्य नसेल, तर कोणता घटक सोडावा?

अमेरिकेतील संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात हाच प्रश्न तपासला. सहभागी व्यक्तींनी आधी दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज ४० मिनिटे जोरकस सराव केला. त्यानंतरचे पंधरा आठवडे एकेका घटकात कपात करण्यात आली.

- दिवस कमी केले : सहाऐवजी चार किंवा दोनच दिवस सराव करूनही व्हीओटू मॅक्स टिकला.
- वेळ कमी केला : ४० मिनिटांऐवजी २६ किंवा १३ मिनिटे करूनही तो टिकला. मात्र १३ मिनिटांच्या गटात दीर्घकाळ तग धरण्याची शक्ती कमी झाली.
- तीव्रता कमी केली : दिवस आणि वेळ तेवढेच ठेवूनही कमावलेली क्षमता घसरली. तीव्रता जितकी जास्त कापली, तितकी घसरणही अधिक झाली.

या पाठाचा गाभा येथे आहे. हिवाळ्यात दिवस कमी झाले तरी चालतील, काही काळ मिनिटे कमी झाली तरी निभावेल. पण आठवड्यातून एक-दोनदा धाप लागेल असे धावणे सोडू नये. गोठलेल्या रस्त्यावर जोरात धावता येत नाही. हे काम ट्रेडमिलचे. उलट, सावकाश आणि बराच वेळ धावण्याचे काम बर्फाळ वाटेवर चांगले होते. थोडक्यात, वेग यंत्रावर आणि वेळ बर्फात.

३. ट्रेडमिलचा उपयोग

*एक टक्का चढ कशासाठी?* मोकळ्या जागी धावताना तुम्ही हवा कापत पुढे जाता. ट्रेडमिलवर तुम्ही जागच्या जागी असता, त्यामुळे हवेचा रोध जवळपास नसतो आणि त्याच वेगाला थोडी कमी ऊर्जा लागते. अँड्र्यू जोन्स आणि जोनाथन डाउस्ट यांनी १९९६ मध्ये दाखवले की १ टक्का चढ ठेवल्यास ऊर्जेचा खर्च बाहेर सपाटीवर धावण्याइतका होतो. हा निष्कर्ष सुमारे १०.५ ते १८ किलोमीटर प्रति तास या वेगांसाठी आहे. त्याहून सावकाश धावताना हवेचा रोध इतका कमी असतो की चढ शून्य ठेवला तरी फरक पडत नाही.

*पडद्यावरचा वेग खरा आहे का?* वसतिगृहातील किंवा जुन्या व्यायामशाळेतील यंत्र चुकीचा वेग दाखवू शकते. तपासणी सोपी आहे. यंत्र बंद असताना पट्ट्याची पूर्ण लांबी मोजा आणि पट्ट्यावर खडूने खूण करा. मग तुम्ही धावत असताना मित्राला २० फेऱ्यांचा वेळ मोजायला सांगा.

उदाहरण : पट्टा ३ मीटरचा आहे आणि २० फेऱ्यांना २१.६ सेकंद लागले.
अंतर = ३ × २० = ६० मीटर
वेग = ६० ÷ २१.६ = २.७८ मीटर प्रति सेकंद
२.७८ × ३.६ = सुमारे १० किलोमीटर प्रति तास

पडद्यावर ११ दिसत असेल, तर यंत्र जास्त वेग दाखवते आहे हे समजून सराव आखा.

*उष्णता.* बाहेर धावताना वारा अंगावरचा घाम वाळवतो आणि शरीर थंड ठेवतो. बंद खोलीत तसे होत नाही, म्हणून त्याच वेगाला हृदयाचे ठोके हळूहळू वाढत जातात. समोर पंखा ठेवा आणि पाणी जवळ ठेवा. बाहेर बर्फ असले तरी आत घाम भरपूर जातो.

*सुरक्षितता.* आपत्कालीन दोरीची चिमटी कपड्याला अडकवा. चालू पट्ट्यावरून उडी मारून उतरू नका. मागे भिंत असेल, तर पुरेशी मोकळी जागा ठेवा. कठडा धरून धावल्यास पायांवरील भार कमी होतो आणि पडद्यावरच्या वेगाला अर्थ उरत नाही.

ट्रेडमिलवर खरी तयारी होते का, अशी शंका अनेकांना येते. नॉर्वेच्या इंग्रिड क्रिस्टियनसेन हिवाळ्यात ट्रेडमिलवर सराव करत. १९८५ मध्ये त्यांनी लंडन मॅरेथॉन २ तास २१ मिनिटे ६ सेकंदांत पूर्ण केली आणि हा जागतिक विक्रम १९९८ पर्यंत टिकला. दुसरे उदाहरण अलास्कातील अँकरेज शहराचे. तेथे डिसेंबरात दिवस जेमतेम साडेपाच तासांचा असतो. तेथील डॉक्टर क्रिस्टीन क्लार्क यांनी घरातल्या ट्रेडमिलवर मोठा सराव करून फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेची ऑलिंपिक निवड मॅरेथॉन जिंकली. शर्यत दक्षिण कॅरोलिनातील उबदार, दमट हवेत झाली आणि त्यांची वेळ २ तास ३३ मिनिटे ३१ सेकंद होती. बंद खोलीत घाम गाळण्याची सवय अशा हवेत उपयोगी पडते.

ट्रेडमिलला मर्यादाही आहेत. त्यावर उतार, वळणे आणि खाचखळगे नसतात. उतारावर मांडीच्या पुढच्या स्नायूंना बसणारा ताण आणि घोट्याला तोल सावरण्यासाठी करावे लागणारे काम यंत्रावर फारसे होत नाही. म्हणून केवळ ट्रेडमिलवर हिवाळा काढलेल्या धावपटूने मार्चमध्ये एकदम उतारावर जोरात धावू नये. बर्फाळ वाटेवरचा सराव ही उणीव काही प्रमाणात भरून काढतो.

४. बर्फाळ वाटेवर धावणे

सगळे बर्फ सारखे नसते. पायाखाली कचकच आवाज करणारे, दाबून बसलेले बर्फ धावण्यास सर्वांत चांगले. घोट्याच्या वर जाणाऱ्या ताज्या भुसभुशीत बर्फात प्रत्येक पाऊल उचलावे लागते आणि दम लवकर लागतो. सर्वांत धोकादायक म्हणजे दुपारी वितळून रात्री पुन्हा गोठलेला पारदर्शक थर. तो काळ्या डांबरावर दिसतच नाही. तापमान शून्याजवळ असताना बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर असतो, म्हणून कडक थंडीपेक्षा शून्याच्या आसपास घसरण्याचा धोका जास्त असतो.

- पावले लहान आणि जलद टाका. पाय शरीराच्या खाली पडला पाहिजे, पुढे फेकला जाऊ नये.
- वळणावर आणि उतारावर वेग आधीच कमी करा.
- बुटांवर चढवण्याचे मायक्रोस्पाइक्स वापरा. मात्र बर्फ नसलेल्या दगडी रस्त्यावर ते काढा, नाहीतर पाय मुरगळू शकतो.
- घड्याळातील वेगाकडे पाहू नका. वेळ मोजा. एखादे पूर्ण वाक्य न थांबता बोलता आले, तर तीव्रता योग्य आहे.

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेमुळे तेथे ट्रेडमिलवरही वेग कमीच राहतो. सखल प्रदेशातून नुकतेच आला असाल, तर पहिले काही दिवस धावू नका. आधी शरीराला उंचीची सवय होऊ द्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये गोठलेल्या पँगाँग सरोवरावर २१ किलोमीटरची शर्यत झाली. अशा शर्यतींसाठी बर्फाची जाडी आधी तपासली जाते आणि वैद्यकीय पथक हजर असते. त्या पाहून एकट्याने गोठलेल्या तळ्यावर किंवा नदीवर उतरू नका.

३० ते ४५ अंशांच्या उतारांवर हिमस्खलनाचा धोका सर्वाधिक असतो. ताजे बर्फ पडल्यानंतर अशा उतारांखालून जाणाऱ्या वाटा टाळा आणि प्रशासनाचा हिमस्खलनाचा इशारा पाहूनच निघा.

५. थंडीचा धोका ओळखणे

वारा असताना शरीराची उष्णता लवकर जाते. हा परिणाम ‘विंड चिल’ या आकड्यात मांडतात. हवा उणे १० अंश सेल्सिअस असेल आणि वारा ताशी ३० किलोमीटर वाहत असेल, तर उघड्या त्वचेला ती उणे २० सारखी जाणवते. विंड चिल उणे २८ च्या खाली गेला, की उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. अशा दिवशी बाहेर न जाता ट्रेडमिलवर धावणे हाच शहाणपणा.

जाताना वाऱ्याला तोंड द्या आणि येताना तो पाठीवर घ्या. उलट केल्यास परतीच्या वाटेवर घामाने ओल्या झालेल्या अंगावर समोरून वारा येतो. कपडे थरांत घाला : आत घाम शोषून बाहेर टाकणारा कृत्रिम धाग्याचा किंवा लोकरीचा थर, वर ऊब देणारा आणि बाहेर वारा अडवणारा. सुती बनियन घाम धरून ठेवते, म्हणून टाळा. निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. दारातच उबदार वाटत असेल, तर कपडे जास्त झाले आहेत. कोरड्या थंड हवेने दम्याचा त्रास वाढू शकतो, म्हणून नाकातोंडावर कापड घ्या आणि औषध सोबत ठेवा.

हिमदंश : बोटे, नाक, कान बधिर होतात, त्वचा पांढरी किंवा राखाडी दिसते. चोळू नका आणि बर्फ लावू नका. आत येऊन ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात तो भाग बुडवा. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, तर वाटेत तो गरम करू नका. डॉक्टरांना दाखवा.

हायपोथर्मिया : शरीराचे आतील तापमान ३५ अंशांखाली जाते. आधी जोरात कापरे भरते, मग पाय अडखळतात, बोलणे बोबडे होते, निर्णय चुकतात. कापरे थांबले म्हणजे बरे वाटले असे समजू नका; ते अधिक गंभीर लक्षण असू शकते. ओले कपडे बदला, ब्लँकेटमध्ये गुंडाळा, शुद्धीवर असल्यास गोड गरम पेय द्या आणि तातडीने रुग्णालयात न्या.

या अवस्थेत माणसाला स्वतःचा धोका कळत नाही. म्हणून बर्फात एकट्याने धावू नये आणि मार्ग व परतण्याची वेळ घरी किंवा वसतिगृहात सांगून जावे.

६. आठवड्याची नमुना आखणी

ही आखणी आठवड्यातून तीन-चार वेळा नियमित धावणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आहे.

- मंगळवार (ट्रेडमिल) : १० मिनिटे सावकाश, मग ४ मिनिटे जोरात आणि ३ मिनिटे हळू, असे चार वेळा, शेवटी ५ मिनिटे चालणे.
- गुरुवार (बर्फाळ वाट) : ३० ते ४० मिनिटे, बोलता येईल इतक्या तीव्रतेने.
- शुक्रवार (खोलीत) : बैठका, टाचा उचलणे, एका पायावर तोल, २० मिनिटे.
- रविवार (बर्फाळ वाट, सोबतीने) : ६० ते ७५ मिनिटे सावकाश.

हवा बिघडली, तर रविवारचा सराव ट्रेडमिलवर ४५ मिनिटांत उरका. मंगळवारचा सराव मात्र शक्यतो चुकवू नका. आजारी असाल किंवा ताप असेल, तर विश्रांती घ्या; काही दिवसांत क्षमता जात नाही.

सारांश

सराव पूर्ण थांबवल्यास तीन आठवड्यांत घट दिसू लागते. दिवस आणि वेळ कमी करूनही तीव्रता राखली, तर क्षमता बरीच टिकते. तीव्र सराव ट्रेडमिलवर करा, दीर्घ आणि सावकाश सराव बर्फावर करा. बर्फात वेगापेक्षा वेळेला महत्त्व द्या आणि बाहेर जायचे की नाही हे उत्साहावर न सोडता तापमान, वारा आणि वाटेची स्थिती पाहून ठरवा.

स्वाध्याय

१. दिवस, वेळ आणि तीव्रता यांपैकी कोणता घटक हिवाळ्यात शेवटी सोडावा? कारण द्या.
२. ट्रेडमिलचा पट्टा २.८ मीटर लांब आहे आणि २० फेऱ्यांना १६.८ सेकंद लागले. ताशी वेग काढा.
३. आरंभी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने का धावावे?
४. तुमचा सोबती अडखळत चालतो आहे, त्याचे कापरे थांबले आहे आणि तो ‘मी ठीक आहे’ म्हणतो आहे. तुम्ही काय कराल?
५. तुमच्या गावातील किंवा तुम्हाला माहीत असलेल्या थंड ठिकाणच्या हवामानानुसार चार आठवड्यांची आखणी तयार करा.