शीळ घालणारा पाहुणा

मे महिना सरत आला, आगोटीची घाई सुरू झाली, की आमच्या कोकणात पहाटे नि तिन्हीसांजेला दाट जाळीतून एक शीळ ऐकू येते. दोनच सूर, कुणीतरी लांबून हाक मारावी तसे. "व्हीऽऽट-ट्यू!" सासूबाई म्हणायच्या, "शीळ आली गो, लाकडं आत घ्या!"

हा पाहुणा म्हणजे नवरंग. पाठ हिरवी, पोट बदामी, डोळ्यावरून काळा पट्टा, पंखावर निळा ठिपका, शेपटीखाली लालभडक. एवढा नटलेला, पण दिसेल तर शपथ! त्याची ओळख शिळेवरूनच. तमिळमध्ये तर त्याला 'आरुमणि कुरुवी', म्हणजे 'सहा वाजताचा पक्षी' म्हणतात. हिवाळा तो दक्षिण भारतात नि श्रीलंकेत काढतो आणि पावसाच्या तोंडावर विणीसाठी इकडे येतो. वजन जेमतेम 50-60 ग्रॅम, आणि प्रवास रात्रीचा!

नर-मादी मिळून काटक्या-पानांचं चेंडूसारखं गोल घरटं बांधतात, दार बाजूला. अंडी 4-5. उबवायलाही दोघं, बरं का मैत्रिणींनो! पोट भरतं ते जमिनीवरचा पातेरा उलटापालटा करून. त्यातले किडे, गांडुळं, गोगलगायी हेच त्याचं जेवण.

म्हणजे आपण ज्याला 'रान माजलंय' म्हणतो, ते त्याचं घर. आणि ज्याला कचरा म्हणतो, ते त्याचं ताट. यंदा धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, जेसीबी आणून मागची जाळी सपाट करू, काजूची कलमं लावू." उत्पन्न कुणाला नकोय? मुलांच्या फिया मलाही भरायच्या आहेत. पण करवंदीची ती जाळी गेली, तर पावसाळ्यात त्यानं घरटं बांधायचं कुठे? दोन दिवस वाद झाला. अखेर कलमं वरच्या मोकळ्या तुकड्यात लावायचं ठरलं, वहाळाकडची जाळी तशीच राहिली. चार कलमं कमी बसली, एवढंच.

तुमच्या परसातही एखादा कोपरा पावसाळाभर न झाडता ठेवून बघा. आणि प्रवासात दमलेला नवरंग खिडकीच्या काचेवर आपटून पडलेला दिसला, तर चोचीत पाणी ओतू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. सावरला की झाडीजवळ सोडा. जखमी असेल तर वनखात्याला कळवा.