सायकल चालवताना दिसा आणि दिसत राहा: पाच गैरसमज

नवीन जालन्यात सकाळी शाळा-क्लासला निघालेली मुले, औद्योगिक वसाहतीकडे जाणारे कामगार आणि व्यायामाला बाहेर पडलेले गट सायकलवर असतात. त्याच रस्त्यांवर सळयांचे ट्रक आणि रिक्षाही धावतात. या गर्दीत कडेला दबून चालवले की झाले, अशी समजूत पक्की आहे. खरे तर आपण इतरांना दिसणे आणि पुढे काय करणार हे त्यांना कळणे, यावरच सुरक्षितता उभी आहे.

गैरसमज १: उजव्या बाजूने गेले की समोरचे वाहन दिसते, म्हणून धोका कमी.
वस्तुस्थिती: हा सल्ला पायी चालणाऱ्यांसाठी आहे. सायकल ताशी १५ आणि मोटार ४५ किलोमीटर वेगाने असेल, तर एकाच दिशेने जाताना वेगातला फरक ३० राहतो. समोरासमोर तो ६० होतो. सावरायला निम्माच वेळ मिळतो. शिवाय गल्लीतून डावीकडे वळणारा चालक उजवीकडे पाहत असतो. उलट बाजूने येणारी सायकल त्याला उशिरा दिसते.

गैरसमज २: अगदी कडेने चालवणे सर्वांत सुरक्षित.
वस्तुस्थिती: कडेला वाळू, खडी आणि खचलेले डांबर असते, बाजारात उभ्या गाडीचे दार अचानक उघडते. कडेपासून दोन-अडीच फूट आत आणि उभ्या गाड्यांपासून किमान तीन फूट अंतर ठेवून सरळ रेषेत चालवा. दोन गाड्यांमधली मोकळी जागा दिसली म्हणून आत शिरू नका. पुन्हा बाहेर येताना मागचा चालक गाफील असतो. वळण्याआधी मागे पाहा, मग हात दाखवा. चौकात ट्रकच्या डाव्या बाजूला थांबू नका. तिथले चालकाला नीट दिसत नाही, आणि ट्रक डावीकडे वळताना त्याची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा कडेला जास्त घासून जातात.

गैरसमज ३: गटात जितके चिकटून, तितके सुरक्षित.
वस्तुस्थिती: ताशी २० किलोमीटर वेगाने सायकल एका सेकंदात साडेपाच मीटर पुढे जाते. पुढच्याने ब्रेक दाबल्याचे लक्षात येईपर्यंतच चाक चाकाला भिडू शकते, आणि बहुधा मागचाच पडतो. म्हणून नवख्यांनी दोन सायकलींएवढे अंतर ठेवावे. राजूरच्या रस्त्यावर चतुर्थीला गणपतीला पायी जाणारे भाविक असतात; तिथे एकामागे एकच चालवा. मोठ्या गटाचे आठ-दहा जणांचे भाग करा, म्हणजे मागच्या गाडीला टप्प्याटप्प्याने पुढे जाता येईल. खड्डा दिसताच पहिल्याने ओरडून सांगावे आणि प्रत्येकाने तो निरोप मागे पोचवावा.

गैरसमज ४: मोकळा रस्ता म्हणजे सुरक्षित रस्ता.
वस्तुस्थिती: जालन्याजवळून जाणारा समृद्धी महामार्ग मोकळा वाटतो, पण तिथे सायकलला आणि दुचाकीला बंदी आहे. ताशी १२० किलोमीटरने धावणारी मोटार सेकंदाला ३३ मीटर अंतर कापते.

गैरसमज ५: हळू चालवणाऱ्याला हेल्मेट कशाला?
वस्तुस्थिती: दीड मीटर उंचीवरून पडलेले डोके सुमारे ताशी २० किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळते, सायकल जागेवर उभी असली तरी. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटे बसवा आणि पट्टा लावा. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बदला.

पालकांनो, मुलाला नुसते ‘जपून जा’ म्हणू नका. एका रविवारी त्याच्या शाळेच्या रस्त्यावर त्याच्याबरोबर सायकल चालवा आणि मागे पाहणे, हात दाखवणे, अंतर राखणे प्रत्यक्ष शिकवा.