टळलं की टाळलं?

'सुदैवाने मोठा अनर्थ टळला.' मराठी बातम्यांमधलं हे वाक्य आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे. इंग्रजीत हेच सांगायला 'अव्हर्ट' हे क्रियापद आहे. त्याचा मूळ लॅटिन अर्थ 'दुसरीकडे वळवणे'. म्हणून इंग्रजीत नजरही अव्हर्ट करतात आणि संकटही. म्हणजे संकट दिसलं की आपण तोंड फिरवायचं, नाहीतर संकटाचं तोंड फिरवायचं!

मी राहते त्या कापेल आन डेन आयसेलमध्ये डच भाषेची आणखी एक गंमत कळली. 'फोरकोमन' या शब्दात सुरुवातीला जोर दिला तर अर्थ 'घडणे', मध्ये दिला तर 'घडू न देणे'. लिहायला दोन्ही सारखेच. आपल्याकडे हा फरक एका कान्याचा आहे: टळणे आणि टाळणे. 'टळलं' म्हटलं की टाळणारा माणूस वाक्यातून गायब होतो.

इथं मात्र तो नावानिशी लक्षात ठेवलाय. १ फेब्रुवारी १९५३ ला वादळी भरतीनं नेदरलँड्समध्ये १,८३६ बळी घेतले. त्याच पहाटे शेजारच्या नीवेरकेर्कजवळ आयसेल नदीचा बांध फुटू लागला. या परिसरातली जमीन समुद्रसपाटीपेक्षा ६.७६ मीटरपर्यंत खाली आहे, देशातली सर्वांत सखल. महापौरांच्या सांगण्यावरून आरी एव्हेग्रून या नावाड्यानं आपलं जहाज थेट भगदाडाच्या तोंडाशी घातलं. ते दारासारखं बसलं आणि मागचा सखल मुलूख वाचला.

पण दरवेळी एव्हेग्रून कुठून आणायचा? म्हणून १९५८ मध्ये कापेल आणि क्रिम्पेन यांच्यामध्ये नदीवर वादळी भरती रोखणारं पोलादी दार कामाला लागलं. प्रचंड डेल्टा योजनेतलं हे पहिलं काम. एरवी दार वर टांगलेलं असतं, खालून बोटी जातात. पाणी चढलं की ते खाली येतं.

"समुद्राच्या खाली राहता, भीती नाही वाटत?" असं भारतातून आई विचारते. वाटते ना! पण इथल्या लोकांनाही ती वाटते, म्हणून तर बांध तपासले जातात, दार उतरवून बघितलं जातं. पूर आला नाही, याची बातमी कधीच होत नाही. त्यामुळे यापुढे 'अनर्थ टळला' असं वाचलंत, तर एकदा जरूर विचारा: टाळला कुणी? आणि कुणीच नसेल, तर पुढच्या वेळी कोण टाळणार?