मिठाची वाफ होत नाही

परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या वेधशाळेचा पारा एकेरी आकड्यावर उतरला, की घरोघरी खोकला सुरू होतो आणि त्याच्या मागोमाग एक सल्लाही हजर होतो: "पाण्यात मूठभर मीठ टाकून वाफ घ्या, छातीतला सगळा कफ सुटतो." जिंतूर असो की गंगाखेड, सांगणाऱ्याची माया खरी असते. सल्ला मात्र चुकीचा आहे. शाळेत बाष्पीभवनाचा धडा शिकलेली माणसंसुद्धा तो तितक्याच खात्रीने पुढे सरकवतात, याचा राग येतो.

पाणी उकळलं की वर जातं ते फक्त पाणी. मीठ भांड्यातच राहतं. याचा पुरावा स्वयंपाकघरातच आहे. बोअरचं पाणी रोज तापवलं जातं त्या पातेल्याच्या तळाशी पांढरा, खरखरीत थर धरतो. क्षार वाफेबरोबर उडून जात असते, तर तो थर धरलाच नसता. स्वयंपाकाचं मीठ वितळायलाच 800 अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं आणि उकळायला 1,400 च्या वर. मग 100 अंशांच्या पाण्यातून ते छातीपर्यंत पोहोचणार कसं? उकळताना खारट पाण्याचे चार शिंतोडे उडतात खरे, पण ते भांड्याच्या काठालाच बसतात.

या समजाला खतपाणी घातलं ते प्लास्टिकच्या स्वस्त वाफेच्या यंत्रांनी. यातल्या बऱ्याच यंत्रांत तापणारी तार नसतेच. पाण्यात दोन धातूच्या पट्ट्या बुडालेल्या असतात आणि वीज एका पट्टीतून दुसरीत पाण्यातूनच जाते, त्या वाटेत पाणी तापतं. फिल्टरचं पाणी फारच शुद्ध असेल तर त्यातून वीज नीट वाहत नाही आणि वाफ धरत नाही. म्हणून सोबतच्या कागदावर चिमूटभर मीठ टाकायला सांगितलेलं असतं. ते मीठ यंत्रासाठी असतं, फुफ्फुसांसाठी नाही. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याला तर तेवढ्याचीही गरज पडत नाही. चिमटीची मूठ झाली की वीज जास्त खेचली जाते, पाणी फसफसून बाहेर येतं आणि तोंड पोळतं.

नुसत्या वाफेने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, थोडं बरंही वाटतं. त्यापलीकडे फार काही नाही. साध्या सर्दीवर गरम, दमट हवेचा किती उपयोग होतो, हे चंडीगढच्या पीजीआयमधल्या डॉक्टरांनी कॉक्रेन संस्थेसाठी तपासलं. सातत्याने दिसणारा फायदा त्यांना आढळला नाही. भाजण्याचा धोका मात्र पक्का आहे. कोविडच्या पहिल्या लाटेत बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयात वाफ घेताना भाजलेल्या मुलांचं प्रमाण तीसपट झाल्याची नोंद 2020 मध्ये 'लॅन्सेट'ने छापली. उकळतं पातेलं आणि डोक्यावर चादर घेऊन बसलेलं लहान लेकरू, हे चित्र आपल्याकडेही नवं नाही.

"मग डॉक्टर मशीनमध्ये मिठाचं पाणी का घालतात?" हा प्रश्न रास्त आहे. हे मशीन म्हणजे नेब्युलायझर. तो पाणी उकळत नाही. हवेच्या जोराने किंवा कंपनांनी तो द्रावणाचे बारीक तुषार करतो, साधारण 1 ते 5 मायक्रॉनचे, आणि त्या प्रत्येक तुषारात मीठ असतं. साध्या सलाईनमध्ये मिठाचं प्रमाण 0.9 टक्के, म्हणजे रक्ताइतकंच. समुद्राच्या पाण्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास. कफ सोडवण्याच्या तीव्र द्रावणात 3 ते 7 टक्के. हे तीव्र द्रावण श्वासनलिकेच्या अस्तरावर पडलं की पेशींमधलं पाणी बाहेर ओढतं. चिकट कफ पातळ होतो, नलिकेतले सूक्ष्म केस त्याला वर ढकलू लागतात आणि खोकला येतो. पण कफ खोकून बाहेर टाकावा लागतो. छातीचे व्यायाम जोडीला नसतील तर काम अर्धवट राहतं.

याचा सर्वांत भक्कम पुरावा सिस्टिक फायब्रोसिस या जनुकीय आजारात मिळाला. समुद्रात सर्फिंग करणाऱ्या अशा रुग्णांची फुफ्फुसं बरी राहतात, हे ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं. मग 164 रुग्णांना 48 आठवडे दिवसातून दोनदा 4 मिली द्रावण दिलं गेलं, काहींना 7 टक्क्यांचं आणि काहींना साधं. 2006 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निष्कर्ष आले: तीव्र द्रावण घेणाऱ्यांत आजार उफाळण्याचं प्रमाण साधं घेणाऱ्यांच्या निम्म्याहून कमी होतं.

हे यश सरसकट सगळ्या कफाला लावता येत नाही. क्षयरोग बरा झाल्यावरही अनेकांच्या श्वासनलिका कायमच्या रुंदावतात आणि त्यांत कफ साठत राहतो. याला ब्रॉन्किएक्टेसिस म्हणतात. भारतातल्या 2,195 अशा रुग्णांच्या नोंदवहीत (2019) सर्वाधिक आढळलेलं कारण क्षयरोगच होतं, 35.5 टक्के रुग्णांमध्ये. कापसाच्या पट्ट्यातल्या परभणी जिल्ह्यात क्षय झालेली माणसं गावोगाव आहेत, म्हणून ही गोष्ट इथे महत्त्वाची. पण ब्रिटनमध्ये 288 रुग्णांवर झालेल्या आणि 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 6 टक्के द्रावणाने अशा रुग्णांमध्ये आजार उफाळणं लक्षणीयरीत्या कमी झालं नाही. काहींना कफ काढायला त्याची मदत होते; कोणाला द्यायचं, हे छातीच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

सगळ्यांत घातक प्रकार म्हणजे घरचं मीठ आणि नळाचं पाणी कालवून नेब्युलायझरच्या कपात ओतणं. पाण्यातले जंतू थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात. पुडीतल्या मिठात आयोडीन असतं, गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली रसायनं असतात आणि चमच्याने मोजून टक्केवारी साधत नाही. त्यात रुग्ण दम्याचा असेल तर प्रसंग जिवावर बेतू शकतो: 4.5 टक्के मिठाचे तुषार देऊन श्वासनलिका आवळतात का हे पाहणं, ही दमा ओळखण्याची एक चाचणीच आहे! म्हणूनच दवाखान्यात तीव्र सलाईनच्या आधी नलिका उघडणारं औषध दिलं जातं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. नेब्युलायझरची सवय लागत नाही. औषध पोहोचवण्याची ती फक्त एक वाट आहे. नेब्युलायझर म्हणजे ऑक्सिजनही नव्हे. गुलाबी सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, रंगाने औषध होत नाही. रक्तदाबाची धास्ती नको: 7 टक्क्यांच्या 4 मिलीमध्ये मीठ 0.28 ग्रॅम. छाती भरलेल्या तान्ह्या बाळाला ब्रॉन्किओलायटिसमध्ये तीव्र सलाईन देऊ नये, असं ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2015 मध्येच सांगितलं आहे.

आणि ज्या कामासाठी मिठाचे तुषार सरकारी यंत्रणाही वापरते, ते गावात क्वचितच कोणाला ठाऊक असतं. क्षयाचा संशय आहे पण बेडका पडतच नाही, विशेषतः मुलांमध्ये, अशा वेळी तीव्र सलाईनचे तुषार देऊन तो काढतात. केपटाउनच्या 250 लहान मुलांवरच्या अभ्यासात (2005) असा एक नमुना नळी घालून जठरातून काढलेल्या तीन नमुन्यांइतकाच उपयोगी ठरला. त्यामुळे दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर वाफेचं पातेलं खाली ठेवावं आणि सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्यावा. ही तपासणी मोफत होते आणि क्षय निघाला तर औषधंही मोफतच मिळतात.