तारीख ३१ जुलै आणि बडोद्याचा पाऊस

दिनदर्शिकेतील काही तारखा सणांमुळे स्मरणात राहतात, काही थोरांच्या जयंत्यांमुळे. बडोदेकरांना ३१ जुलै ही तारीख आठवते ती पावसामुळे. २०१९ साली त्या दिवशी सकाळी पावसाने धरले आणि रात्र उलटेपर्यंत सोडले नाही. चोवीस तासांत ४९९ मिलीमीटर, म्हणजे जवळजवळ वीस इंच पाऊस पडला. बडोद्याचे साऱ्या वर्षाचे सरासरी पर्जन्यमान सुमारे ९०० मिलीमीटर. अर्ध्याहून अधिक पावसाळा एका दिवसात रिता झाला, असाच याचा अर्थ होतो.

मिलीमीटरच्या आकड्याने सामान्य माणसाला पुरता बोध होत नाही. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जमिनीवर एक लिटर पाणी. या हिशेबाने त्या दिवशी शहराच्या दर चौरस किलोमीटरवर सुमारे पन्नास कोटी लिटर पाणी ओतले गेले. एवढे पाणी जिरवायला मोकळी माती हवी, साठवायला तळी हवीत आणि वाहून न्यायला नदीचे पात्र मोकळे हवे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आपला दिवस मध्यरात्री बदलतो. हवामानखात्याचा पर्जन्यदिवस सकाळी साडेआठ वाजता संपतो. त्या वेळी मोजलेला मागील चोवीस तासांचा पाऊस त्याच सकाळच्या तारखेवर मांडला जातो. म्हणून ३१ जुलैला दिवसभर कोसळलेला पाऊस दप्तरात १ ऑगस्टच्या नावे लागतो. मुंबईचा २६ जुलै २००५ चा प्रलयही याच रीतीने २७ जुलैच्या रकान्यात सापडतो. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर पाऊस झाला, तर कुलाब्याला शंभर मिलीमीटरही झाला नाही. एकाच शहराच्या दोन टोकांना आभाळ किती निराळे वागते, याचे याहून ठळक उदाहरण क्वचितच मिळेल.

मग जुलैअखेरीसच असे का घडते? तारखेत काही गूढ नाही. जुलै व ऑगस्ट हा नैऋत्य मोसमी पावसाच्या भराचा काळ. बंगालच्या उपसागरात उठलेले कमी दाबाचे पट्टे या दिवसांत मध्य भारत ओलांडून पश्चिमेकडे सरकतात. ते गुजराथेजवळ आले, की अरबी समुद्रावरील बाष्पाने भरलेले वारे त्यांच्याकडे ओढले जातात. पट्टा रेंगाळला तर एकाच मुलखावर पाऊस कोसळत राहतो. जुलै १९२७ च्या अखेरच्या आठवड्यात साऱ्या गुजराथेवर असाच प्रलय ओढवला होता. बडोदे शहर त्यात सापडले आणि खेड्यापाड्यांतील असंख्य घरे जमीनदोस्त झाली. त्या वेळच्या मदतकार्याने वल्लभभाई पटेल यांच्या संघटनाकौशल्याची ओळख सर्वत्र पटली.

बडोद्याच्या संकटाला दुसरे कारण आहे ते विश्वामित्रीचे. पावागडाकडून येणारी ही नदी शहराच्या मध्यातून नागमोडी वाहते, पुढे ढाढरला मिळते आणि ते पाणी खंबायतच्या आखातात जाते. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत शहराला पाणी पुरविण्यासाठी बांधलेला आजव्याचा तलाव भरून वाहू लागला, की त्याचेही पाणी याच नदीत उतरते. वरच्या मुलखातील पाणी शहरापर्यंत पोहोचण्यास काही तास लागतात. म्हणून बडोद्यात पाऊस थांबला म्हणजे पूर टळला, असे होत नाही. २०१९ साली पावसाचा जोर ओसरल्यावरही नदी चढत राहिली आणि सुमारे ३४ फुटांपर्यंत गेली. काळ्या घोड्याच्या पुलापाशी मोजली जाणारी धोक्याची पातळी २५-२६ फुटांची आहे.

त्या पुरात विश्वामित्री स्थानकाजवळच्या वस्तीतून एका पोलीस अधिकाऱ्याने एका तान्ह्या मुलाला प्लास्टिकच्या टबात ठेवून, तो टब डोक्यावर घेऊन खांद्याइतक्या पाण्यातून बाहेर आणले. ते चित्र पाहून अनेकांना यमुना ओलांडणारा वसुदेव आठवला. नदीतल्या मगरीही पाण्याबरोबर वस्तीत शिरल्या. मगर वाट चुकून आली, असे लोक म्हणाले. परंतु ज्या कोतरांत आणि सखल जागांत पुराचे पाणी पूर्वी पसरत असे, तेथे आता इमारती उभ्या आहेत, हेही तितकेच खरे.

पाच वर्षांनी, ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस, विश्वामित्रीने ३५ फुटांचीही रेषा ओलांडली. पाऊस थांबल्यावरही कित्येक वस्त्या पाण्याखाली राहिल्या. तो पाऊस देणारा कमी दाबाचा पट्टा पुढे अरबी समुद्रात उतरून ‘असना’ चक्रीवादळ झाला. त्यानंतर २०२५ च्या पावसाळ्यापूर्वी नदीचे पात्र उपसून रुंद करण्याचे काम हाती घेण्यात आले.

पावसाचा दिवस कोणता असेल, हे वर्षभर आधी कोणी सांगू शकत नाही. पाणी कोणत्या वाटेने येईल, हे मात्र बडोद्याला १९२७ पासून ठाऊक आहे. आकाशाचा अंदाज पाहताना नदीकाठच्या माणसाने आजव्याची पातळीही विचारावी, सामान वेळीच वर चढवावे आणि म्हाताऱ्या-कोताऱ्यांना, लेकरांना उजेड असतानाच हलवावे. ३१ जुलैची आठवण एवढ्यासाठी ठेवली, तरी ती सार्थकी लागेल.