हेल्मेटसाठी पाठलाग नको
इचलकरंजीत यंत्रमाग कारखान्यांची पाळी सुटते तेव्हा मलाबादे चौकात दुचाकी, सायकली, सुताचे टेम्पो एकमेकांना खेटून चालतात. अशा गर्दीत हेल्मेट नसलेला स्वार पळाला, तर पोलिसांनी त्याच्यामागे गाडी घालू नये. २०१८ मध्ये तिरुचिरापल्लीजवळ अशाच पाठलागात दुचाकीवर मागे बसलेल्या महिलेचा जीव गेला. पुढच्याच वर्षी केरळ उच्च न्यायालयाने हेल्मेटसाठी पाठलाग करू नये, कॅमेऱ्यांचा वापर करावा, असे बजावले. पळणारे मोकाट सुटतील, हा आक्षेप रास्त वाटतो. पण क्रमांक टिपला की ई-चलान मालकाच्या नावावर जाते. क्रमांकपट्टी झाकलेली असेल, तर पुढच्या नाक्याला बिनतारी निरोप द्यावा. धडक देऊन पळालेल्याची गोष्ट वेगळी. तिथे पाठलागाचा धोका पत्करावाच लागतो.